नंबर घासलेली फोर्ड

समजा, तुम्ही घरच्या घरी एक मोटार बनवली. जुनी आणून रंगवली असं नाही. बनवली. चेसिस एका जागचं, बॉडी दुसऱ्या गावची, इंजिन तिसऱ्याच गाडीचं, मागचा अ‍ॅक्सल एका मोडक्या पिकअपचा. वर्षानुवर्षं शनिवार-रविवार गॅरेजात उताणं पडून तुम्ही हे सगळं एकमेकांना जोडलंत. एके दिवशी चावी फिरवलीत, गाडी डरकाळी फोडून सुरू झाली आणि गल्लीतली सगळी कुत्री भुंकायला लागली. आता तिला रस्त्यावर न्यायची तर मालकीचा कागद हवा, म्हणून तुम्ही काउंटीच्या कचेरीत गेलात. खिडकीतल्या बाईंनी विचारलं, "गाडी कोणती?" तुम्ही म्हणालात, फोर्ड. "साल?" बत्तीस, एकोणीसशे बत्तीस. इथपर्यंत तुमची छाती पुढे आलेली. मग त्यांनी मान वर न करता विचारलं, "नंबर?"

इथून पुढे काय बोलायचं ते तुम्हीच सांगा. डेलबर्ट कुबिचेकला तरी काही सुचलं नव्हतं. तो म्हणाला, "असेल की कुठेतरी," आणि बाईंनी त्याच्या घरी तपासणीला शेरीफकडचा माणूस पाठवायचं ठरवलं.

डेलबर्ट अमेरिकेत, नेब्रास्का राज्यातल्या एका गावात, धान्याच्या पत्र्याच्या कोठ्या बनवणाऱ्या कारखान्यात वेल्डर होता, आणि आता निवृत्त होता. वेल्डर पुष्कळ असतात. डेलबर्टची ख्याती अशी की त्याने जोडलेल्या जागी जोड सापडत नसे. दोन पत्रे एकत्र आणायचे, वितळवायचे, मग घासायचे, पुन्हा भरायचे, पुन्हा घासायचे, आणि डोळे मिटून त्यावरून अंगठा फिरवायचा. अंगठा अडखळला की पुन्हा पहिल्यापासून. कारखान्यातला मुकादम कपाळाला हात लावायचा. "डेल, आत मका भरायचाय. मक्याला काय कळतंय?" डेलबर्ट म्हणायचा, "मला कळतंय ना."

हॉट रॉड, म्हणजे जुन्या मोटारी नव्याने घडवून पळवायच्या गाड्या, बनवणाऱ्यांच्यात असा माणूस म्हणजे साधू. जुन्या गाडीवरचं कंपनीचं नाव काढायचं, दाराच्या मुठी काढायच्या, भोकं बुजवायची, शिवणी मिटवायच्या, जितकं कमी दिसेल तितकं काम मोठं, असं ते मानतात. नवखे गाडीच्या वरून एवढं करतात. डेलबर्टने खालूनही केलं होतं. पाठीवर झोपून सरपटत आत गेल्याशिवाय जो भाग कुणाला दिसणारच नाही, तोसुद्धा त्याने आरशासारखा केला होता.

तपासणीला आली ती शेल्बी व्होंड्रा. तिचा बाप कारखान्यात डेलबर्टच्या शेजारच्या ओळीत काम करायचा. शेल्बी आता शेरीफची डेप्युटी होती, कमरेला पिस्तूल, हातात टॉर्च आणि दांडीला बसवलेला छोटा आरसा.

"चेसिसची डावी पट्टी, स्टिअरिंगच्या खोक्यापाशी," ती मोबाइलवर वाचत म्हणाली आणि वाकली.

"हात फिरव," डेलबर्ट म्हणाला.

"मला नंबर हवाय, मिस्टर कुबिचेक."

"फिरव तर खरं. काय लागतंय हाताला?"

"काही नाही."

"बघ," डेलबर्ट म्हणाला. तो भलताच खूश होता.

शेल्बीने काहीतरी टिपलं. "दुसरी जागा, ड्रायव्हरच्या पायाखाली." डेलबर्टने स्वतः आनंदाने खालचा पत्रा उचकटून दिला. तिथेही तुळतुळीत. "तिसरी, मागच्या चाकावर जिथे पट्टी वर चढते तिथे." शेल्बी आत घुसली, आरसा इकडेतिकडे फिरवला आणि बराच वेळ तिथेच पडून राहिली. बाहेर आली तेव्हा ती वेगळ्या नजरेने बघत होती.

"फोर्डवाले तेव्हा तीन ठिकाणी नंबर ठोकायचे," ती म्हणाली. "चोर येतो, एक घासतो. फार हुशार असला तर दोन. तिन्ही घासलेली गाडी मी आजवर पाहिली नव्हती."

"अर्धवट काम मला आवडत नाही," डेलबर्ट म्हणाला, आणि मग आपण काय बोललो ते त्याला ऐकू आलं.

त्याला आठवलं. चेसिस आणलं तेव्हा ते गंजाने खाल्लेलं होतं, जागोजागी देवीचे व्रण असल्यासारखं. त्या खड्ड्यांत कुठेतरी ओळीने बसलेले खड्डेही होते. अंगठा अडखळला. मग त्याने ते भरले आणि घासले. आकडे त्याने वाचले नव्हते. अंगठ्याला वाचता येत नाही.

"तू मला चोर म्हणतेस, शेल्बी? तुझ्या बापाच्या आणि माझ्या डब्याची अदलाबदल व्हायची."

"मी काही म्हणत नाहीये. नंबर काढलेला असला की गाडी आधी संशयित, असा नियम आहे. आणि काम जितकं सफाईदार तितका संशय जास्त. तुमच्या कामाकडे बघून तर वाटतं, तुम्ही टोळी चालवत असाल."

डेलबर्टला क्षणभर ही शाबासकी वाटली.

शेल्बीने समोरच्या काचेवर नारिंगी कागद चिकटवला. गाडी जागची हलवायची नाही. दोन गोष्टी हव्यात, ती म्हणाली. हे चेसिस कुणाकडून आणलं, त्या माणसाची सही. आणि नंबर कुणी घासला, का घासला, आणि त्यात काळंबेरं नव्हतं हे पटेल असं काहीतरी. महिनाअखेरीपर्यंत जमलं तर राज्य गाडीला स्वतःचा नवा नंबर देईल. नाही जमलं तर काउंटीचा ट्रक येईल.

"आणि मग?"

"मग दाबायच्या यंत्रात जाते," शेल्बी म्हणाली. तिने दोन्ही तळहात एकमेकांवर ठेवून दाखवले. तिलाही ते बरं वाटलं नसावं, कारण तिने हात लगेच खिशात घातले.

दुसऱ्या दिवशी सकाळी धान्य सहकारी संस्थेतल्या कॉफीच्या टेबलावर ही बातमी डेलबर्टच्या आधी पोचली होती. लॅडी हृबेक, ज्याच्या स्वतःच्या गाडीला गॅरेजात पडून बुरशी आली होती, खुर्ची सरकवत म्हणाला, "डेल, तू गाडी इतकी झकास बनवलीस म्हणे की सरकारला ती ठेवून घ्यावीशी वाटतेय." सगळे हसले. डेलबर्टने कॉफी अर्धी सोडली. त्या टेबलावर यायला लागल्यापासून त्याने पहिल्यांदाच असं केलं होतं, आणि मग कुणी हसलं नाही.

चेसिस आलं होतं एमिल सेडलाचेकच्या नाल्यातून. पूर्वी तिकडचे शेतकरी नाल्याचा काठ खचू नये म्हणून भंगार गाड्या आणून, तारेने एकमेकींना बांधून, काठाला नाकं खाली करून ओळीने पुरत. एमिलच्या बापानेही पुरल्या होत्या. एमिल आता नव्वदीच्या पुढे होता आणि वृद्धाश्रमात राहत होता. डेलबर्ट गेला तेव्हा तो एकटाच दोन्ही बाजूंनी पत्ते खेळत होता आणि एका बाजूने लबाडी करत होता.

"एमिल, मी तुझ्या नाल्यातून चेसिस नेलं होतं. आठवतं?"

"बिअरचं खोकं दिलं होतंस."

"तेच. त्याबद्दल तुझी सही हवी."

"बिअर गरम होती."

"होती असेल. चेसिस तू स्वतःहून दिलंस, एवढं लिहून दे. नाहीतर माझी गाडी जाते."

एमिलने एक पत्ता टाकला, दुसऱ्या बाजूने उचलला. "तू नेलंस आणि पुढच्या वर्षी तिथला काठ खचला. माझं चेरीचं झाड गेलं, पोरा."

"तेव्हा तर काही बोलला नाहीस."

"तेव्हा तुझी बिअर पीत होतो."

शेवटी आश्रमातल्या बाईंना साक्षीला बोलावून एमिलने कागदावर सही केली, पण मजकूर स्वतः सांगितला. चेसिस मी खुशीने दिलं. चेरीचं झाड खुशीने दिलं नव्हतं. दुसरं वाक्य वगळायला तो तयार होईना.

डेलबर्ट उठत होता तेव्हा एमिलने विचारलं, "पण तू नेलीस कोणती?"

"नाक पाण्यात होतं ती."

"सगळ्यांचीच नाकं पाण्यात होती. त्यांतली एक आमची होती. बापाची. बत्तीसची. बाकीच्या भंगारवाल्याकडून आणलेल्या, त्यांतही बत्तीसच्या दोन-तीन होत्या." मग तो पलंगाखालून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढायला लागला, आणि डेलबर्टनेच शेवटी गुडघ्यावर बसून तो ओढून दिला. आत घडी करून करून चार तुकडे व्हायला आलेला एक कागद होता. मालकीचा कागद. एकोणीसशे बत्तीस, फोर्ड, एमिलच्या बापाचं नाव, आणि खाली अठराने सुरू होणारा ठळक नंबर.

"बापाने गाडी फेकली, कागद ठेवला," एमिल म्हणाला. "घेऊन जा. नंबर जुळतो का बघ. जुळला तर मला सांग. एकदा बसायचंय तिच्यात."

डेलबर्टच्या एका हातात गाडी नसलेला नंबर आला होता आणि घरी गॅरेजात नंबर नसलेली गाडी उभी होती. जुळवायला काही उरलंच नाहीये, हे त्याच्या तोंडून निघेना. "बघतो," एवढंच तो म्हणाला.

रविवारी आर्लिस, त्याची बायको, चर्चच्या स्वयंपाकघरात बायकांबरोबर कोलाचे, म्हणजे मध्ये सारण भरलेले गोड पाव, भाजायला गेली. डेलबर्ट गॅरेजात गेला. त्याच्याकडे आकड्यांचे पोलादी पंच होते, हातोडीने ठोकून धातूवर आकडा उमटवायचे ठसे, कारखान्यातले, जुन्या घडणीचे. त्याने एका भंगार पट्टीवर एमिलच्या बापाचा नंबर ठोकून पाहिला. ओळ सरळ आली. त्यावर जरा आम्ल, जरा मीठ, एक रात्र ओल्या फडक्यात, की कुणीही शपथेवर सांगितलं असतं की हा नंबर ठोकणारा माणूस केव्हाच देवाघरी गेला. शेल्बीला सांगायचं, पुट्टीखाली होता, माझ्या ध्यानात नव्हतं. मग नवा नंबर नको, चौकशी नको. कागदावर बत्तीस. बाकीच्या आयुष्यात कुणी साल विचारलं की खिशातून कागद काढून दाखवायचा. लॅडी हृबेकला तर रोज सकाळी.

त्याने पहिला पंच खऱ्या पट्टीवर टेकवला आणि हातोडी उचलली. ती तशीच वर राहिली. खांदा भरून आला तेव्हा त्याने ती खाली ठेवली, पंच पुसून पेटीत ओळीने लावले आणि ज्या पट्टीवर नमुना ठोकला होता ती कटरने तुकडे करून टाकली.

आर्लिस आली तेव्हा तो पायरीवर बसला होता. सगळं ऐकून तिने विचारलं, "मग ठोकला का नाहीस?"

"इतक्या गुळगुळीत पट्टीवर घाव घालवेना."

हे खरंच होतं. दुसरंही एक कारण होतं, ते त्याने सांगितलं नाही. एमिल येईल, गाडीत बसेल, आणि बापाची गाडी समजून तिच्यावरून हात फिरवेल, हे त्याला हातोडी वर असताना दिसलं होतं.

"आता नेतील ती," डेलबर्ट म्हणाला.

आर्लिसने भाजलेल्या कोलाचेंचं ताट त्याच्या मांडीवर ठेवलं. "शेल्बीला म्हणावं, कॉफीला ये."

"ती चौकशीला येणार आहे, आर्लिस."

"मग कॉफी पीत पीत करू दे."

शेल्बी आली. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून तिने एमिलचा कागद वाचला, पुन्हा वाचला. "चेरीच्या झाडाची तक्रार नोंदवायची आहे का?"

"ते आमचं आम्ही बघू," डेलबर्ट म्हणाला.

"बरं. चेसिसचा प्रश्न मिटला. आता नंबर. का घासलात?"

"नंबर आहे हे कळलंच नाही मला. खडबडीत होतं. वाईट दिसत होतं."

शेल्बीचं पेन थांबलं. "कुठून दिसत होतं? गाडीखाली?"

"खालून."

"मी हे लिहू? खालून वाईट दिसत होतं म्हणून? मिस्टर कुबिचेक, माझा साहेब मलाच आत टाकेल."

डेलबर्टने हात पसरले. खसखशीच्या कोलाचेंची बशी शेल्बीपुढे सरकवत आर्लिस म्हणाली, "शेल्बी, हा फ्रिज कुठल्या कंपनीचा आहे गं?"

शेल्बीने वळून पाहिलं. पांढराशुभ्र दरवाजा. नाव नाही, निशाणी नाही. नाव होतं त्या जागची भोकंसुद्धा नाहीत.

"आता शेगडी बघ."

शेगडीच्या चार बटणांवर काही नव्हतं. कमी कुठे, जास्त कुठे, बंद कुठे, काही नाही. "मी इतकी वर्षं कानाने स्वयंपाक करतेय," आर्लिस म्हणाली. "जाळाचा आवाज ऐकते. टोस्टर बघ. मिक्सर बघ. बाहेर गवत कापायचं यंत्र आहे, ते बघ. त्याची तक्रार करायला फोन केला तर तो मुलगा विचारतो, बाई, मॉडेल कोणतं? मी म्हटलं, हिरवं. घराचा नंबर पितळी होता, तोही काढला, भिंत म्हणे स्वच्छ दिसते. पिझ्झावाला पोरगा अर्धा तास गल्लीत फिरतो. गरम पिझ्झा कसा लागतो ते आम्ही विसरलो."

शेल्बी उठली होती. ती टोस्टर उलटा करून बघत होती. "याच्यावर तर कायद्याने सुद्धा नंबर असतो."

"खडबडीत होता," डेलबर्ट म्हणाला.

"न्हाणीघरात वजनाचा काटा आहे," आर्लिस म्हणाली. "त्याच्यावरही आकडे नाहीत."

"तेही यांनी?"

"ते मीच सांगितलं होतं."

मग आर्लिसने बोटाला साबण लावून लग्नाची अंगठी काढली. "ही घट्ट व्हायला लागली तेव्हा म्हटलं, सोनाराकडे कशाला, तूच मोठी करून दे. आत लग्नाची तारीख कोरलेली होती. आता बघ."

शेल्बीने अंगठी टॉर्चच्या उजेडात धरली. आतली बाजू नव्या नाण्यासारखी चमकत होती. तिने अंगठा फिरवला. अंगठा कुठेही अडखळला नाही.

"तारीख कोणती होती, मिस्टर कुबिचेक?"

डेलबर्टने आर्लिसकडे पाहिलं. "जूनमधली," तो म्हणाला.

"मेमधली," आर्लिस म्हणाली.

शेल्बीने पेन उचललं आणि बराच वेळ लिहीत राहिली. मग फ्रिजचा फोटो घेतला, शेगडीचा घेतला, अंगठीचा जवळून घेतला, आणि न्हाणीघरात जाऊन काट्याचाही घेतला. जाताना दारात थांबून म्हणाली, "नोकरी लागल्यापासून पहिल्यांदाच वजनाचा काटा पुराव्याला लावतेय. साहेब हसेल. हसला तर काम झालं म्हणायचं."

साहेब हसला असावा. महिना संपायच्या आत पाकीट आलं. मालकीचा कागद, आणि त्याबरोबर राज्याने दिलेल्या नव्या नंबराची एक पत्र्याची पट्टी, शेल्बीच्या समोर गाडीच्या दाराच्या चौकटीला रिव्हेट मारून बसवायची. कागदावर प्रकाराच्या रकान्यात छापलं होतं, जोडून बनवलेली. सालाच्या रकान्यात चालू साल.

"म्हणजे नवी कोरी," लॅडी हृबेक कॉफीच्या टेबलावर म्हणाला. "डेल, नव्या गाडीची पार्टी?" डेलबर्टने त्या दिवशी सगळ्यांची कॉफी स्वतः ओतली. त्याला साल खटकत होतं, पण गाडी रस्त्यावर होती. रिव्हेटची डोकी बाहेर आली होती आणि येताजाता अंगठ्याला लागत होती. त्याने त्यांना हात लावला नाही. आर्लिसने त्याचा ग्राइंडर तोवर आपल्या बहिणीच्या घरी नेऊन ठेवला होता.

एमिलला न्यायला तो शनिवारी गेला. आश्रमातल्या दोघांनी मिळून म्हाताऱ्याला आत बसवलं. गाडी गावाबाहेर सरळ रस्त्याला लागली, दोन्ही बाजूंना सोयाबीन, आणि इंजिनाच्या आवाजात एमिल ओरडून म्हणाला, "जुळला का?"

डेलबर्टने वेग कमी केला, म्हणजे ओरडून सांगावं लागणार नाही. "मी घासला, एमिल. तिन्ही ठिकाणचा. न वाचता. जुळवायला काहीच नाही."

नाल्यावरचा पूल आला, गेला. खचलेल्या काठाला आता गाड्या नव्हत्या, चेरीचं झाडही नव्हतं. दोघांनीही तिकडे पाहायचं टाळलं. पुढे पुष्कळ अंतर गेल्यावर एमिल म्हणाला, "माझ्या बापाने आमची एकदा खंदकात घातली होती. काढली, पण चेसिस जरा वाकलं असावं, तेव्हापासून ती उजवीकडे ओढायची. आई म्हणायची, हिला चर्चचा रस्ता पाठ झालाय."

डेलबर्टची बोटं स्टिअरिंगवर घट्ट झाली.

त्याची गाडीही उजवीकडे ओढायची. फार नाही, अंगठ्याएवढी. त्याने चाकं जुळवून घेतली होती, टायर बदलले होते, पुढचा अ‍ॅक्सल दोनदा काढून पुन्हा बसवला होता, आणि शेवटी स्वतःची समजूत घातली होती की रस्ताच दोन्ही कडांना उतरता असतो, पाणी वाहून जायला. त्यामुळे ओढत असेल. एमिलला त्याने हे सांगितलं नाही. म्हाताऱ्याने डोळे मिटून घेतले होते आणि एक हात दाराच्या कडेवर ठेवला होता, जसा कुणी ओळखीच्या खुर्चीवर ठेवतो. पण तो हात कुठल्याही गाडीत तसाच ठेवत असेल.

समोरून कुणी येत नव्हतं. डेलबर्टने गाडी रस्त्याच्या बरोबर मधोमध घेतली, जिथे उतार कुठल्याच बाजूला नसतो, आणि स्टिअरिंगवरून दोन्ही हात काढले. गाडी क्षणभर सरळ गेली. मग हळूच, स्वतःच्याच मनाने, उजवीकडे वळायला लागली. त्याने ती पुन्हा मध्ये आणली, पुन्हा हात सोडले. पुन्हा तेच.

बत्तीसच्या किती फोर्ड खंदकात गेल्या असतील, आणि त्यातल्या किती उजवीकडे ओढत असतील?